सिक्कीमचे राजे: १९७५ पर्यंत टिकले कसे, आणि मागे काय उरलं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. सिक्कीमच्या राजघराण्याबद्दल इथे कुणाला नीट माहिती आहे का?

सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी असे नुकतेच तिकडे जाऊन आलो. पेलिंगच्या खाली एका घरात उतरलो होतो. त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर रेशमी झग्यातल्या एका गृहस्थांचा फोटो होता, त्याला पांढरा खादा (मानाचं रेशमी उपरणं) घातलेला. मला वाटलं कुणी मोठे लामा असतील. घरातल्या आजी म्हणाल्या, "हाम्रो राजा." पुढे गंगटोकला टॅक्सीवाल्याला मी हे कौतुकाने सांगायला गेले, तर तो फटकन म्हणाला, राजा गेला तेच बरं झालं, माझ्या पणजोबांनी काझीची (काझी म्हणजे तिकडचे जमीनदार सरदार) ओझी फुकट वाहिली. आता दोघांपैकी खरं कुणाचं मानायचं?

माझं माहेर मिरजेचं. संस्थान विलीन झालं म्हणजे काय, हे घरात लहानपणापासून ऐकलेलं. आपल्याकडची संस्थानं १९४८-४९ मध्ये आटोपली, मग यांचा राजा १९७५ पर्यंत कसा राहिला? नंतर तनखा मिळाला का? आणि "राजाला फसवलं" असं जे तिकडे दबक्या आवाजात ऐकू येतं, त्यात कितपत तथ्य आहे? गूगलवर प्रत्येक जण आपापला झेंडा घेऊन उभा आहे, म्हणून इथे विचारते.

जुनाखोंड

तनखा शून्य. इंदिराबाईंनी १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने सगळ्यांचेच तनखे बंद केले आणि सिक्कीम आलं १९७५ मध्ये. दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईक आलं.

बाकी ते संस्थान होतं की नव्हतं, इथूनच वाद आहे. ब्रिटिशांच्या काळात सिक्कीमचे महाराजा संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे सभासद होते, म्हणजे कागदोपत्री तुमच्या मिरज-सांगलीच्याच पंगतीतले. सरदार पटेल आणि घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांचं मत होतं की इतरांसारखीच सामीलनाम्यावर सही घेऊन टाका. तिबेट आणि चीनच्या तोंडावर नेहरूंना ते नको होतं. मग फेब्रुवारी १९४८ मध्ये 'जैसे थे' करार झाला आणि ५ डिसेंबर १९५० ला तह. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडे, घरातला कारभार राजाकडे. हे असं पंचवीस वर्षं चाललं.

वाशीकरशेठ धंद्यानिमित्त तिकडे असतात. त्यांना उठवा कुणीतरी.

वाशीकर

उठलो.

माझी ओळख नवीन मंडळींना नसेल म्हणून सांगतो. मी मसाल्याच्या धंद्यात. तुमच्या गोड्या मसाल्यात जी काळपट, धुराचा वास असलेली मसाला वेलची पडते, ती देशात सगळ्यात जास्त सिक्कीममध्ये होते. उतीसच्या झाडांच्या सावलीत ओढ्याकाठी लावतात आणि भट्टीवर धुरात वाळवतात. मी सिंगताम आणि मंगनकडचा माल घेतो. इतिहासकार नाही. पण ज्याला त्या मुलुखात माल, जमीन आणि पैसा यांचा व्यवहार करायचा आहे, त्याला तिथल्या राजाशी आजही गाठ घालावी लागते.

माझी गाठ पहिल्यांदा पडली ती मंगनच्या बाजूला. रस्त्यालगत एक तुकडा पाहिला होता, गोदामाला आणि दोन भट्ट्यांना पुरेसा. मालक लेपचा (तिथल्या मूळ जमातीचा) म्हातारा, द्यायला तयार. आमचे तिकडचे भागीदार शांतपणे चहा पीत बसलेले. सौदा तुटण्याइतका रंगात आल्यावर म्हणाले, "शेठ, भाव कशाला करताय, ही जमीन तुम्हाला मिळणारच नाही. १९१७ चा हुकूम आहे." मी म्हटलं, कुणाचा? म्हणाले, दरबाराचा. भुतिया (मूळचे तिबेटकडचे) आणि लेपचा यांनी आपली जमीन भुतिया-लेपचा सोडून दुसऱ्या कुणाला विकायची नाही, गहाण टाकायची नाही, पोटभाड्यानेही द्यायची नाही, दरबाराची खास परवानगी असेल तरच. महसूल हुकूम क्रमांक १, सन १९१७. दरबार जाऊन जमाना झाला, हुकूम जागेवर आहे.

म्हणून गोदाताई, आजी खऱ्या की टॅक्सीवाला खरा, या प्रश्नापेक्षा मला राजांच्या कागदांत जास्त रस आहे. आणि ते कागद समजायचे तर थोडं मागे जावं लागतं.

पहिले राजे फुन्त्सोग नामग्याल. १६४२ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज बारा वर्षांचे असताना, तीन लामांनी मिळून युकसोमला त्यांना गादीवर बसवलं. तिथलं दगडी आसन तुम्ही पाहिलं असेल. राजाची पदवी 'चोग्याल', धर्माने राज्य करणारा. (ब्रिटिशांनी 'महाराजा' केलं, शेवटच्या राजाने १९६५ मध्ये चोग्याल ही पदवी परत आणली.) तेव्हापासून १९७५ पर्यंत एकाच घराण्याचे बारा राजे. ३३३ वर्षांत बाराच, म्हणजे फार वाईट हिशोब नाही.

दुसऱ्या राजाने, तेनसुंग यांनी, राजधानी राबदेन्त्सेला आणली. पेलिंगजवळचे ते पडके दगडी चौथरे म्हणजे राजवाडा. त्यांना तीन राण्या, एक भूतानची, एक तिबेटची, एक लिंबू जमातीच्या सरदाराची मुलगी. इथेच पुढची ठिणगी पडली. तिसरे राजे चाकदोर लहान वयात गादीवर आले. भूतानच्या राणीची मुलगी पेंदे वांग्मो वयाने मोठी, तिला हे सोसवेना. तिच्या बोलावण्यावरून १७०० च्या सुमारास भूतानची फौज आत घुसली आणि पोरसवदा राजाला ल्हासाला पळावं लागलं. काही वर्षांनी तो परत आला, तरी बहिणीचा राग गेला नव्हता. राजा रालांगच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेला असताना तिने वैद्याला हाताशी धरलं. रक्त काढण्याचा उपचार म्हणून धमनी कापली आणि रक्त वाहू दिलं. मग वैद्याला ठार केलं आणि तिला रेशमी खाद्याने गळा आवळून मारलं. 'ध चा मा' आपल्याकडेच झाला असं समजू नये.

मधले राजे मी भराभर सोडतो, गोरखे आले, राबदेन्त्से लुटलं, राजधानी पूर्वेला तुमलोंगला गेली. नेपाळने तिस्तेच्या पश्चिमेचा मुलूख गिळला, आणि इंग्रजांनी नेपाळला हरवून १८१७ च्या तितालिया तहात त्यातला बराचसा परत मिळवून दिला. फुकट नव्हे. इंग्रज फुकट काही देत नाही.

आता माझ्या आवडीचा सौदा. १ फेब्रुवारी १८३५, सातवे राजे त्सुगफुद नामग्याल. कंपनीच्या आजारी साहेबांना थंड हवा हवी, म्हणून राजाने दार्जिलिंगचा डोंगर 'मैत्रीखातर' देऊन टाकला. दानपत्र चार ओळींचं. बदल्यात काय आलं? एक दुनळी बंदूक, एक रायफल, लाल बनातीचं वीस वारांचं ठाण आणि शालींच्या दोन जोड्या. राजा सारखी पत्रं लिहीत राहिला तेव्हा कुठे १८४१ पासून सालाना ३,००० रुपये सुरू झाले, १८४६ पासून ६,०००. तोवर दार्जिलिंगला घरं चढत होती, लोक येत होते, चहाची रोपं लागत होती. मी आयुष्यात पुष्कळ वाईट सौदे पाहिले, काही स्वतःच्या डोळ्यांदेखत झाले, पण असा नाही.

आणि ते सहा हजारही टिकले नाहीत. १८४९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर आणि दार्जिलिंगचे सुपरिंटेंडंट कॅम्पबेल सिक्कीममधून हिंडत तिबेटच्या हद्दीत जाऊन आले, तेव्हा राजाच्या दिवाणाने दोघांना धरून ठेवलं. कॅम्पबेलना मारहाणही झाली. सुमारे दीड महिन्याने सोडलं. पण इंग्रजांना निमित्त मिळालं. रक्कम बंद, आणि तराईचा सगळा सपाट पट्टा जप्त. राज्यातली धान्य पिकवणारी जमीन तीच. तेव्हापासून सिक्कीम म्हणजे नुसते डोंगर, आणि बाहेर पडायचा प्रत्येक रस्ता साहेबाच्या अंगणातून. १८६१ च्या तहात तर अट घातली की राजाने वर्षातून तीन महिन्यांपेक्षा जास्त तिबेटमध्ये राहायचं नाही. घरमालकाने भाडेकरूला माहेरी किती दिवस जायचं ते सांगावं, त्यातला प्रकार.

हात दुखला. उरलेलं रात्री.

रानवारा

शेठ, अर्ध्यावर सोडू नका. सिक्कीमच्या लोकांना इन्कम टॅक्स नाही असं आमचे सीए सांगतात, ते याच राजाच्या कृपेने का? तेही येऊ द्या.

वाशीकर

येतो, तिथेच येतोय.

तुमच्या टॅक्सीवाल्याचे पणजोबा कुठून आले, ते आधी. १८८९ मध्ये जॉन क्लॉड व्हाइट नावाचा इंग्रज अधिकारी गंगटोकला येऊन बसला. नववे राजे थुतोब नामग्याल त्याला पटत नव्हते आणि त्यांना तो पटत नव्हता. राजा-राणीला काही वर्षं कालिम्पोंग, कुर्सियांग, दार्जिलिंग अशी नजरकैद झाली. १८९० मध्ये ब्रिटन आणि चीन यांनी कलकत्त्यात बसून सिक्कीमची हद्द ठरवली, त्या करारात सिक्कीमच्या राजाची सहीसुद्धा नाही. १८९४ मध्ये राजधानी गंगटोकला. (पुढे १९०८ मध्ये थुतोब आणि राणी येशे डोल्मा यांनी मिळून आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवला. अपमान झालेल्या माणसाने लिहिलेला इतिहास वाचनीय असतो.)

व्हाइटला महसूल हवा होता. भुतिया गुरं राखणारा, लेपचा रान फिरून शेती करणारा, रोख कर कोण देणार? नेपाळी शेतकरी डोंगराला पायऱ्या पाडून भात लावतो आणि वेळेवर पैसे भरतो. नेपाळी वस्ती व्हाइटच्या आधीच सुरू झाली होती, काही काझी आणि नेवार ठेकेदार तिच्या मागे होते, त्याने तिला वेग दिला. जमीन काझी आणि ठेकेदारांना पट्ट्याने, त्यांनी रयतेकडून वसूल करायचं, वरचं आपलं. वेठबिगार याच पट्ट्यांखाली वाढली. 'झारलंगी' म्हणजे फुकट राबणं. 'कुरुवा' म्हणजे साहेबाचं किंवा काझीचं सामान येईपर्यंत वाटेवर खोळंबून राहणं, एक दिवस लागो की तीन. 'काळोभारी' म्हणजे डांबरी कापडात गुंडाळलेली ती काळी ओझी, तिबेटच्या वाटेवर पाठीवर घेऊन जायची. पणजोबांचं ओझं बहुतेक हेच. टॅक्सीवाल्याचा राग अगदी अस्सल आहे, फक्त त्यात राजापेक्षा काझीचा आणि साहेबाचा वाटा मोठा होता, आणि राजा त्यांना आवरू शकला नाही.

एकाने आवरायचा प्रयत्न केला. दहावे राजे सिदकिओंग तुल्कू, ऑक्सफर्डला शिकलेले आणि मठाचे अवतारी लामाही. मठांना शिस्त लावायची, काझींचे अधिकार छाटायचे, असे बेत. फेब्रुवारी १९१४ मध्ये गादीवर आले, ५ डिसेंबर १९१४ ला गेले. वय ३५. आजारी होते, इंग्रज डॉक्टरने भरपूर ब्रँडी पाजली, अंगावर ब्लँकेटांचा ढीग घातला आणि पलंगाखाली शेगडी पेटवली, असं सांगतात. हृदय बंद पडल्याची नोंद झाली. गंगटोकमधल्या जुन्या माणसांपैकी त्या नोंदीवर विश्वास असलेला एकही मला भेटलेला नाही.

मग त्यांचे सावत्र भाऊ ताशी नामग्याल, १९६३ पर्यंत. शांत माणूस, चित्रं काढायचे. १९१७ चा हुकूम यांच्याच कारकिर्दीतला. नेपाळी वस्ती वाढत होती, सावकारी वाढत होती, भुतिया-लेपचांच्या जमिनी कर्जात जात होत्या, त्या थांबवायला. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांमध्ये मारवाडी पुढे. जेठमल भोजराज ही पेढी तर दरबाराची बँकच होती, सरकारी खजिना त्यांच्या गल्ल्यात. १९६८ मध्ये राजाने स्टेट बँक ऑफ सिक्कीम काढली तेव्हा ते संपलं. ती बँक अजून आहे. नावावर जाऊ नका, आपल्या स्टेट बँकेशी तिचा काही संबंध नाही. माझे निम्मे शेतकरी तिथेच खातं ठेवून आहेत.

आता रानवारांचा इन्कम टॅक्स. १९६१ मध्ये दरबाराने 'सिक्कीम प्रजा नियम' काढला आणि एक नोंदवही उघडली. त्यात नाव असेल तो राजाचा प्रजाजन. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व ठेवून नाव घालता येत नव्हतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या पुष्कळ मारवाडी-बिहारी व्यापाऱ्यांनी नाव घातलं नाही. भारताचं नागरिकत्व कोण सोडणार? त्या वेळी शहाणपणाचंच होतं.

१९७५ मध्ये सिक्कीम भारतात आलं तेव्हा घटनेत ३७१एफ कलम घातलं. त्यातला कळीचा भाग: तिथले जुने कायदे बदलेपर्यंत चालू राहतील. म्हणून १९१७ चा हुकूम जिवंत. आणि २००८ मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती झाली, १९९० पासून लागू धरून: त्या १९६१ च्या नोंदवहीत ज्यांचं किंवा ज्यांच्या वाडवडलांचं नाव आहे, त्यांना सिक्कीममधल्या कमाईवर आयकर नाही. राजा नाही, राज्य नाही, पण कर कोणी भरायचा ते राजाची वही ठरवते! आमच्या धंद्यात याचा अर्थ असा की शेतकऱ्याने ओळखीचा दाखला दाखवला (तिकडे सगळे त्याला 'सीओआय' म्हणतात) की बोलणं संपलं. आणि शेजारच्याच दुकानातला तीन पिढ्यांचा मारवाडी पै न् पै भरत बसलेला.

तो कोर्टात गेला. १३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की विलीनीकरणाआधीपासून राहणाऱ्या जुन्या भारतीय रहिवाशांनाही ही सूट द्या. शिवाय १ एप्रिल २००८ नंतर बाहेरच्या माणसाशी लग्न केलेल्या सिक्कीमी बाईची सूट काढून घेणारी अट रद्द केली, हे फार बरं झालं. पण निकालात एके ठिकाणी सिक्कीमी नेपाळींचा उल्लेख परदेशी वंशाचे असा झाला आणि राज्यात आग लागली, मोर्चे निघाले, बंद झाले. कोर्टाने पुढच्या महिन्यात ते शब्द काढले. त्या दिवसांत मी सिंगतामला होतो. एरवी 'राजा गेला बरं झालं' म्हणणारा माझा तोलाईवाला तावातावाने सांगत होता, माझ्या आजोबाचं नाव राजाच्या वहीत आहे, मी परदेशी कसा?

गोदाकाठ

वाशीकरकाका, कमाल लिहिलंत. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बहिणीची गोष्ट त्यांना सगळ्यात आवडली, का ते विचारणार नाही.

पण मुख्य प्रश्न राहिला. १९७५ ला नेमकं काय झालं? फसवणूक झाली की नाही?

जुनाखोंड

काय फसवणूक? १९७४ च्या निवडणुकीत काझी ल्हेन्दुप दोर्जींच्या सिक्कीम काँग्रेसला ३२ पैकी ३१ जागा. सार्वमतात ५९,६३७ विरुद्ध १,४९६. लोकांनाच राजा नको होता. विषय संपला.

वाशीकर

जुनाखोंड, आकडे बरोबर आहेत, विषय संपत नाही. ९७ टक्क्यांहून जास्त मतं एका बाजूला पडली की व्यापारी माणूस वजनकाटा पुन्हा तपासतो.

शेवटचे राजे पाल्देन थोन्दुप. धाकटे चिरंजीव, काका सिदकिओंग यांचा अवतार मानून मठात घातलेले. थोरले बंधू पालजोर हवाई दलात होते, १९४१ मध्ये विमान अपघातात गेले आणि हे मठातून गादीच्या वाटेवर आले. डेहराडूनला आयसीएसवाल्यांबरोबर प्रशिक्षण, कारभाराची चांगली समज. १९५० च्या तहाची बोलणी वडिलांच्या वतीने यांनीच केली होती. पहिली पत्नी १९५७ मध्ये वारल्यावर दार्जिलिंगच्या हॉटेलात होप कुक ही अमेरिकन मुलगी भेटली, १९६३ मध्ये लग्न. जगभरच्या मासिकांत फोटो. दिल्लीत मात्र भुवया वर गेल्या, आणि राणीने १९६६ मध्ये दार्जिलिंगचं ते १८३५ चं दानपत्र उकरून काढणारा लेख लिहिला तेव्हा तर विचारूच नका. कायद्याच्या दृष्टीने बाईंचा मुद्दा कच्चा नव्हता. वेळ मात्र भलतीच निवडली.

राजाची खरी चूक घरातली. १९५३ पासून राज्य परिषदेत नेपाळींना जितक्या जागा तितक्याच भुतिया-लेपचांना. नेपाळी तेव्हाच दोन तृतीयांशांच्या वर होते. अल्पसंख्य झालेल्या आपल्या माणसांना जपायचं म्हणून हे केलं, पण पंचाहत्तर टक्के लोकांना तुम्ही निम्मे आहात असं किती वर्षं सांगणार? १९७३ च्या निवडणुकीत मतमोजणीत गडबड झाल्याचा आरोप झाला आणि एप्रिलमध्ये, ऐन राजाच्या पन्नाशीच्या समारंभात, लोक रस्त्यावर आले. ८ एप्रिलला राजाने भारताला कारभार हाती घ्यायला सांगितलं. सांगितलं म्हणजे सांगायला लावलं. ८ मे चा त्रिपक्षीय करार, मग निवडणूक, मग 'सहयोगी राज्य'. आंदोलन लोकांचं होतं, हे जुनाखोंड तुमचं मान्य. त्याला दिल्लीहून हवा मिळत होती, हे तुम्ही मान्य करा.

फेब्रुवारी १९७५ मध्ये राजे नेपाळच्या बिरेंद्र महाराजांच्या राज्याभिषेकाला काठमांडूला गेले, तिथे पत्रकारांशी बोलले आणि परत आल्यावर दोन महिन्यांत खेळ आटोपला. ९ एप्रिलच्या दुपारी भारतीय सैन्याने महालाला वेढा दिला. फाटकावरचा पहारेकरी बसंत कुमार छेत्री गोळी लागून पडला. काही मिनिटांत राजाच्या रक्षकांची शस्त्रं काढून घेतली. राजा हौशी बिनतारी संदेशवाला होता, त्याची खूण एसी३पीटी जगभरच्या हॅम मंडळींना ठाऊक. फोन तुटल्यावर त्याने त्याच यंत्रावरून संदेश सोडला, तो परदेशातल्या हौशी लोकांनी पकडला. दुसऱ्या दिवशी विधानसभेचा ठराव, आणि १४ तारखेला सार्वमत. ठराव काय? चोग्याल हे पद रद्द आणि सिक्कीम भारताचा घटक. दोन्ही एकाच प्रश्नात. ज्याला राजा नको पण वेगळं राज्य हवं, त्याने काय करायचं? त्याला पेटीच नव्हती. चार दिवसांच्या तयारीत, त्या डोंगरात.

म्हणून माझं मत असं: लोकांना राजाची सत्ता नको होती, हे खरं. त्यांना नेमकं काय हवं होतं, ते नीट विचारलं गेलं नाही, हेही खरं. १९७९ च्या निवडणुकीत त्याच काझींच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, यावरून काय ते समजा.

कराडचा

मराठी संबंध कुणी लिहिलाच नाही म्हणून भर घालतो. सिक्कीमला राज्य करणारी दुरुस्ती संसदेत आली तेव्हा परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेखाली १९ एप्रिल १९७५ या तारखेने त्यांचीच सही आहे. (विधेयक ३८वं, कायदा झाला तेव्हा क्रमांक ३६वा, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो.) २३ एप्रिलला लोकसभा, २६ ला राज्यसभा, १६ मे ला सिक्कीम बावीसावं राज्य. कराडपासून नथुला खिंडीपर्यंत मजल!

आणि मोरारजीभाई पंतप्रधान झाल्यावर १९७८ मध्ये जाहीरपणे म्हणाले की हे विलीनीकरण चुकीचं होतं, पण आता मागे फिरता येत नाही. मोरारजींचा सरळपणा नेहमी असा, समोरच्याच्या काही उपयोगाचा नाही.

वाशीकर

कराडचा, सहीची भर उत्तम. उद्देशपत्रिका वाचली आहे, कोरडी ठणठणीत आहे.

एक राहिलं. विधानसभेतल्या ३२ जागांपैकी एक 'संघ' नावाची आहे. तिला गाव नाही, तालुका नाही. फक्त मठांत नोंदलेले भिक्षू आणि भिक्षुणी मत देतात. ही जागाही राजाच्याच काळातली, १९५८ ची. देशात दुसरीकडे कुठे अशी जागा नाही. निवडणुकीच्या दिवसांत मंगनला गेलात तर एकाच खोलीत दोन यंत्रं दिसतील, एक तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी आणि एक लामांसाठी.

गोदाकाठ

शेवटचं विचारते. राजांचं पुढे काय झालं? आणि गंगटोकचा महाल बघता येतो का? आम्हाला फाटकावरूनच परत पाठवलं.

वाशीकर

होप कुक १९७३ मध्येच मुलांना घेऊन अमेरिकेला गेल्या, पुढे घटस्फोट झाला. थोरला मुलगा तेनझिंग १९७८ मध्ये गंगटोकमध्येच मोटार अपघातात गेला. राजांना कर्करोग झाला, २९ जानेवारी १९८२ ला न्यूयॉर्कच्या इस्पितळात वारले. देह गंगटोकला आणला, लुकश्यामाला दहन झालं. त्या दिवशी थंडीत डोंगर चढून इतकी माणसं आली की टॅक्सीवाल्यांचे आईबापही त्यांत असणारच. दुसरे चिरंजीव वांगचुक यांना काही जणांनी तेव्हा तेरावे चोग्याल म्हणून खादे घातले, सरकार ते मानत नाही, आणि ते स्वतः ध्यानधारणेत, लोकांपासून लांब राहतात.

महाल खाजगी आहे, आत सोडत नाहीत. पण आवारातला त्सुकलाखांग मठ लोसुंगच्या (सिक्कीमी नववर्षाच्या) आधी, बहुधा डिसेंबरात, लामांच्या मुखवट्यांच्या छाम नाचासाठी उघडतात. तिथे सगळ्यांना प्रवेश असतो. तारीख तिबेटी पंचांगाने बदलते, म्हणून हॉटेलवाल्याला आधी फोन करून विचारा आणि सकाळी आठच्या आत पोचा, नंतर उभं राहायला जागा मिळत नाही. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्या. आणि परतताना सिंगतामला उतरून वेलची घ्यायची असेल तर शेपटीसकट असलेली घेऊ नका, कापलेली घ्या, वजनात फरक पडतो.